३१२ गाड्या, पुनर्विकासाची नोटीस आणि एकाच साच्यातल्या दोन मर्सिडीज: एका डाय-कास्ट संग्रहाचं प्रकरण

हे प्रकरण खरं आहे. कुटुंबाच्या विनंतीवरून नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत. जुन्या डाय-कास्ट, म्हणजे साच्यात वितळलेला धातू ओतून बनवलेल्या, खेळण्यातल्या गाड्या ओळखणं आणि त्यांची तुलना करणं हा माझा अनेक वर्षांचा नाद आहे. त्या ओळखीतून या कुटुंबाच्या पुतण्याने मला बोलावलं. वारसांच्या हाती अचानक आलेल्या संग्रहाचं काय करायचं, हा प्रश्न आता बऱ्याच घरांत येऊ लागला आहे, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

डोंबिवलीतलं घर. काका रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, २०२१ साली वारले. मागे काकू, पुण्यात नोकरी करणारा मुलगा आणि लग्नानंतर अमेरिकेत स्थायिक झालेली मुलगी. हॉलमधलं काचेचं कपाट, पलंगाखालच्या दोन ट्रंका आणि माळ्यावरची बुटांची खोकी यांत मिळून ३१२ छोट्या धातूच्या गाड्या. काकांना त्या कुठून आल्या ते तोंडपाठ होतं, त्यामुळे यादी करायची गरज त्यांना कधी वाटली नाही. निदान घरच्यांची तशी समजूत होती.

संग्रह साधारण १९६५ पासूनचा. त्या काळात परदेशी खेळणं दुकानातून घेणं सोपं नव्हतं, आयात परवान्यांचे दिवस होते. जहाजावरच्या माणसांनी आणलेल्या, साहेबांच्या मुलांनी खेळून टाकलेल्या, चोरबाजारात मटन स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात येऊन पडलेल्या गाड्या काका वेचून आणत. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरच्या मेकॅनो कंपनीच्या डिंकी, लंडनच्या लेस्नी कंपनीच्या मॅचबॉक्स, वेल्समध्ये तयार होणाऱ्या कॉर्गी. कॉर्गी १९५६ मध्ये बाजारात आली ती खिडक्यांना प्लॅस्टिकच्या काचा बसवूनच, आणि त्यामुळे डिंकीलाही धावाधाव करावी लागली. काकांच्या कपाटात बिनकाचेच्या आणि काचेच्या डिंकी शेजारीशेजारी उभ्या होत्या. ही स्पर्धा तिथे नुसत्या डोळ्यांनी दिसत होती.

या गोष्टीत महत्त्वाची ठरली ती मात्र एक भारतीय शाखा. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात डिंकीचे काही वापरून झालेले साचे इंग्लंडहून कलकत्त्याला आले आणि तिथे त्यांतून गाड्या ओतल्या जाऊ लागल्या. त्या ‘निकी टॉईज’ या नावाने विकल्या गेल्या. मर्सिडीज २२० एसई, जॅग्वार मार्क टेन, फोक्सवॅगन १५००, जीप अशी ती मंडळी. डिंकीची स्टँडर्ड अॅटलस बस कलकत्त्यात ‘स्टँडर्ड २०’ झाली, कारण मद्रासची स्टँडर्ड मोटर कंपनी त्या नावाची गाडी इथल्या रस्त्यांवर विकत होती. म्हणजे खेळण्याने खऱ्या गाडीच्या मागोमाग आपलं नाव बदललं. मला निकीच्या गाड्या फार प्रिय आहेत, आणि त्यांची कदर भारतातच सगळ्यांत कमी होते याचं वाईट वाटतं.

काकांना रेल्वेचा पास होता. कामानिमित्त आणि कामाशिवायही ते कलकत्त्याला जात. त्यामुळे निकीच्या बहुतेक गाड्या त्यांनी जुन्या बाजारातून नव्हे, तर नव्याकोऱ्या, दुकानातून घेतल्या होत्या. हे सगळं आम्हाला पुढे उलगडत गेलं. सुरुवातीला घरात कुणालाच निकी हे नावही माहीत नव्हतं.

अडचण

इमारत पुनर्विकासाला गेली. तीन महिन्यांत घर रिकामं करून भाड्याच्या लहान जागेत जायचं होतं. काचेचं कपाट तिथे मावणार नव्हतं.

मुलाने ओळखीतून एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला बोलावलं. त्याने तासभर गाड्या पाहिल्या, मोबाइलवर फोटो काढले आणि सगळ्याचे मिळून साठ हजार रुपये देतो म्हणाला. अट एकच, चार दिवसांत हो किंवा नाही सांगायचं. काकूंना रक्कम बरी वाटली. मुलाला वाटलं, पडत्या भावात जातंय. मुलगी फोनवर म्हणाली, ‘बाबांच्या गाड्या विकायच्याच कशाला?’ आणि तिघांपैकी एकालाही आपल्याकडे नेमकं काय आहे हे ठाऊक नव्हतं.

मुलाचा आणखी एक बेत होता. कार्डवरच्या, न उघडलेल्या हॉट व्हील्स सगळ्यांत मौल्यवान असणार असं धरून त्या वेगळ्या काढायच्या, आणि रंग उडालेल्या, ‘लोकल’ दिसणाऱ्या गाड्या धुऊन, स्प्रेने रंगवून व्यापाऱ्याला चांगल्या दिसतील अशा करायच्या. त्या लोकल गाड्यांतच निकी होत्या. पुतण्याने मला फोन केला तेव्हा बारा गाड्या आधीच साबणाच्या गरम पाण्यातून निघाल्या होत्या. सुदैवाने त्या मॅचबॉक्स होत्या. रंग टिकला, पण तिघींच्या दारांवरचे कागदी शिक्के निघून गेले.

समोरचे पर्याय

पहिल्या बैठकीत, काकूंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आम्ही पर्याय मांडले.

व्यापाऱ्याला हो म्हणणं हा सर्वांत सोपा मार्ग. जागा मोकळी, पैसे रोख, भांडण नाही. त्याने मांडलेला भाव अन्यायाचा होता असं मी म्हणणार नाही. ३१२ गाड्या उचलायच्या, त्यांतल्या निम्म्या वर्षानुवर्षं पडून राहणार हे धरायचं, तर ठोक भाव असाच येतो. खटकत होती ती चार दिवसांची मुदत. माल ओळखायला विक्रेत्याला वेळच मिळू नये अशी ती होती.

दुसरा मार्ग ब्रिटनमधल्या लिलावाचा. थॉर्नबीतल्या व्हेक्टिससारख्या, केवळ खेळण्यांचे लिलाव करणाऱ्या संस्था आहेत आणि डिंकी-कॉर्गीला तिथे जाणकार गिऱ्हाईक मिळतं. कायद्याची अडचण नव्हती. पुरावस्तूंच्या १९७२ च्या कायद्यातली शंभर वर्षांची मर्यादा या गाड्यांना लागू होत नाही. अडचण होती ती पाठवण्याचा खर्च, विमा, लिलावाचं कमिशन आणि वाटेत होणारी मोडतोड यांची. मोजक्या, डब्यासकट उत्तम असलेल्या गाड्यांसाठी हा मार्ग जमतो. काकांच्या बहुतेक गाड्यांचे डबे कधीच रद्दीत गेले होते.

तिसरा मार्ग, एकेक गाडी ओळखून इथल्याच संग्राहकांना विकायची. पैसे जास्त, वेळही जास्त, आणि हे करणार कोण हा प्रश्न.

काहीच न विकता सगळं ठेवायचं, हा मुलीचा आग्रह. तो भावनेचा होता म्हणून मी उडवून लावला नाही. पण ठेवायचं तर कुठे, कुणी आणि कशात, हे तिला विचारावं लागलं. दमट हवेत, बुटांच्या खोक्यात ठेवलेला संग्रह जपला जात नाही.

खरा निर्णय: दोन तारखा वेगळ्या केल्या

या प्रकरणातला कळीचा निर्णय गाड्यांबद्दलचा नव्हताच. घर रिकामं करायची तारीख आणि विकायची तारीख या दोन गोष्टी घरातल्या सगळ्यांच्या मनात एक झाल्या होत्या. ३१२ छोट्या गाड्या नीट गुंडाळल्या तर चार मध्यम खोक्यांत बसतात. चार खोक्यांना कपाट लागत नाही, पुतण्याच्या ठाण्यातल्या घरी ती सहज राहू शकत होती. हे काकूंना टेबलावर दहा गाड्या बांधून दाखवलं आणि वातावरणच बदललं. व्यापाऱ्याला दुसऱ्या दिवशी नाही कळवलं. त्याने रक्कम पाऊण लाखावर नेली. तेव्हा मुलगा पुन्हा डळमळला, पण काकूच म्हणाल्या, ‘आधी काय आहे ते तर कळू दे.’

बांधणीबद्दल थोडं सांगतो, कारण नुकसान बहुतेक वेळा इथेच होतं. फुगेवाल्या प्लॅस्टिकचा स्पर्श थेट रंगाला होऊ द्यायचा नाही. महिनोन्महिने तसं राहिलं की त्या फुग्यांचे गोल डाग रंगावर उमटतात. आधी साधा पांढरा, छपाई नसलेला पातळ कागद, मग बाहेरून फुगे. जुन्या मऊ प्लॅस्टिकच्या टायरांतून तेलकट अंश बाहेर येतो आणि पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीला चिकटतो. काकांच्या सहा गाड्या अशा डब्यांना खिळून बसल्या होत्या, त्या ओढून काढण्याऐवजी डबी कापून काढल्या. माळ्यावरच्या खोक्यांत काकांनी डांबराच्या गोळ्या टाकलेल्या होत्या. त्या पहिल्यांदा बाहेर काढल्या, कारण त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ आणि धुरकट पडतं. त्यांच्या जागी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या.

ओळख पटवणं

धुणं, पुसणं, रंगवणं पूर्ण बंद केलं. नरम ब्रशने धूळ झाडायची, एवढंच. मग प्रत्येक गाडीला क्रमांक आणि तिचे चार फोटो: समोरून, बाजूने, मागून आणि तळाचा. तळाचा फोटो सगळ्यांत महत्त्वाचा. डाय-कास्ट गाडी आपला सगळा परिचय तळावर घेऊन फिरते.

तळावरचं साल मात्र फसवतं. हॉट व्हील्सच्या तळावर दिसणारं साल बहुधा त्या साच्याच्या हक्कनोंदणीचं असतं, गाडी त्याच वर्षी बनली असं नव्हे. मुलाने एका गाडीच्या तळावरचं जुनं साल बघून ती फार जुनी ठरवली होती. प्रत्यक्षात ती त्याच्या स्वतःच्या कॉलेजच्या दिवसांतली निघाली.

वर्गवारी अशी झाली: डिंकी २१, कॉर्गी ९, लेस्नीच्या काळातल्या मॅचबॉक्स ६०, लिओ-मॅटेलच्या भारतात बनलेल्या हॉट व्हील्स २२, अलीकडच्या हॉट व्हील्स १५०, निकी १४ आणि इतर ३६.

आता त्या दोन मर्सिडीजकडे येतो. डिंकीची २२० एसई आणि निकीची २२० एसई आम्ही टेबलावर शेजारी ठेवल्या. शेजारच्या फिटरकाकांकडून व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घेण्याचं साधन, आणला. खऱ्या २२० एसईच्या दोन आसांमधलं अंतर २७५० मिलिमीटर. दोन्ही खेळण्यांत ते साडेसत्तावन्न भरलं. भागाकार केला की प्रमाण येतं साधारण १:४८. दोन्हींत तेच, कारण साचा तोच. इथपर्यंत जुळ्या.

पुढे मात्र वेगळेपण दिसू लागतं. इंग्लिश गाडीच्या दाराची रेघ नखाला लागते, बंपरची कड स्वच्छ आहे, रंग पातळ आणि एकसारखा. कलकत्त्याच्या गाडीत दाराची रेघ बुजलेली, कारण एक तर साचा हजारो गाड्या ओतून झिजलेला आणि दुसरं म्हणजे रंगाचा थर जाड. खालच्या कडेला साच्याच्या जोडावर आलेली धातूची पातळ पापडी कानशीने घासलेली दिसते. कानस चालवणाऱ्या हाताचे तिरके ओरखडे भिंगातून अजून मोजता येतात. आणि तळावर जिथे इंग्लिश गाडीत डिंकीचं नाव आहे, तिथे हिच्यात ते बुजवलेलं आहे. टॉर्च आडवा धरला की पुसलेल्या अक्षरांच्या कडा किंचित वर आलेल्या दिसतात. मुलाने टॉर्च स्वतःच्या हातात घेतला आणि बराच वेळ तो तळ फिरवून फिरवून पाहत राहिला. रंगवायचा बेत त्यानंतर त्याने पुन्हा काढला नाही.

हीच घासलेली, झिजलेली, ‘खराब’ दिसणारी चिन्हं निकीची ओळख आहेत. स्प्रेचा एक हात फिरला असता तर ती कायमची बुजली असती.

व्हर्नियरने आणखी एक काम केलं. निकी समजून ठेवलेल्या पंधरा गाड्यांत एक जॅग्वार मार्क टेन होती, जुन्या बाजारातून घेतलेली. संग्रहातली डिंकीची जॅग्वार १०७ मिलिमीटर लांब, ही १०६.२. निकीची असती तर साचा तोच असल्याने लांबीही तीच हवी होती. जस्ताचा मिश्रधातू थंड होताना किंचित आकसतो, साधारण अर्धा ते पाऊण टक्का. तयार खेळण्यावरूनच कुणी नवा साचा काढला तर त्यातून येणारी गाडी मूळ गाडीपेक्षा तेवढीच लहान येते. म्हणजे ही नकलेची नक्कल. ती ‘इतर’मध्ये गेली. निकी चौदा राहिल्या.

पुन्हा रंगवलेल्या गाड्या

डिंकीच्या २१ पैकी चार गाड्यांबद्दल शंका आली. डिंकीचा तळपत्रा धातूच्या खुंटीचं टोक ठोकून पसरवून बसवलेला असतो. गाडी उघडून रंगवायची तर हे टोक ड्रिल करावं लागतं, आणि नंतर तिथे स्क्रू येतो किंवा गोंदाचा चकाकता ठिपका. दोन गाड्यांत स्क्रू सरळ दिसले. तिसरीत तळपत्र्याच्या कडेवर बाहेरच्या रंगाचे शिंतोडे होते. चौथीचा डबा संशयास्पद होता. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्चखाली तो निळसर पांढरा चमकला, तर दुसरा एक खात्रीचा जुना डबा मंदच राहिला. आजच्या कागदातली उजळवणारी रसायनं अशी चमकतात. केवळ यावर निकाल द्यायचा नसतो, पण छपाईचे ठिपके आणि घडीच्या कडाही नव्याच होत्या.

इथे घरात वाद झाला. मुलाचं म्हणणं, काकांनी मूळ म्हणूनच घेतल्या असतील, आपण काही बोलायची गरज नाही. मी ठाम राहिलो: विकताना ‘पुन्हा रंगवलेली’, ‘डबा नवा’ असं लिहायचं. हे मला नीतीचं म्हणून तर वाटतंच, शिवाय जुन्या गाड्या घेणारी मंडळी थोडी आणि एकमेकांना ओळखणारी. पहिलीच गाडी खोटी निघाली असती तर बाकीच्यांना कुणी हात लावला नसता. काकूंनी माझ्या बाजूने कौल दिला.

जिला उपाय नव्हता

दुसऱ्या महायुद्धापूर्वीची एक डिंकी लॉरी ट्रंकेच्या तळाशी कापसात होती. काकांनी तिला सर्वांत जपलं होतं. बाहेर काढली तर टपावर बारीक भेगांचं जाळं आणि एक बाजू फुगलेली. जुन्या जस्तात शिशाचा अंश राहिला असेल तर धातू आतून कणाकणाने कुजतो आणि दमट हवेत हे लवकर होतं. पुढे शुद्ध जस्त वापरात आल्यावर हा रोग बराच आटोक्यात आला, त्यामुळे युद्धानंतरच्या गाड्यांत तो क्वचित दिसतो. एकदा लागला की औषध नाही. हा संसर्ग नव्हे, शेजारच्या गाडीला तो लागत नाही, हे मुलीला फोनवर दोनदा समजावून सांगावं लागलं. लॉरी तिच्या डबीत, सिलिका जेलसह, हात न लावता ठेवली.

निकाल

विक्री चौदा महिने चालली. पुतण्याने त्यासाठी आपले बहुतेक रविवार दिले, हे या हिशेबात कुठेच धरलेलं नाही.

अलीकडच्या १५० हॉट व्हील्सपैकी १४० गेल्या त्या छापील किमतीच्या आसपासच, ठोकाने. ज्यांच्यावर मुलाची सर्वांत जास्त भिस्त होती त्यांच्यातून सरासरी गाडीमागे १४० रुपये आले. ४८ मॅचबॉक्स, १३ डिंकी, ७ कॉर्गी आणि १२ लिओ वेगवेगळ्या संग्राहकांकडे गेल्या. निकीपैकी तीन गाड्या दुहेरी होत्या. त्या कोलकात्याच्या एका जाणकाराने प्रत्येकी सात हजारांना घेतल्या. त्याचं म्हणणं असं की त्याच्याच शहरात या गाड्या आता शोधून मिळत नाहीत. एकूण दीड लाखाला थोडे कमी मिळाले, आणि ८९ गाड्या घरात राहिल्या, उरलेल्या अकरा निकींसह. मुलीचं म्हणणं इथे मानलं गेलं.

पैशांच्या दृष्टीने पाहिलं तर व्यापाऱ्याच्या शेवटच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट, पण चौदा महिन्यांच्या मेहनतीनंतर. ज्या घरात असा पुतण्या नाही, तिथे मी ठोक विक्रीला चूक म्हणणार नाही. फक्त ओळख पटण्याआधी ती करू नये.

काय वेगळं करता आलं असतं

कपाटातला क्रम. गाड्या कपाटातून काढताना त्या कशा मांडल्या होत्या याचा एकही फोटो घेतला गेला नव्हता. मी पोहोचलो तेव्हा कपाट अर्धं रिकामं होतं. काकांची मांडणी कंपनीप्रमाणे नव्हती, एवढंच काकूंना आठवत होतं. ती बहुधा खरेदीच्या क्रमाने असावी. तसं असेल तर एक न लिहिलेली यादीच आमच्या हातून विस्कटली. घराचं सामान हलवण्याआधी कपाटाचे, ट्रंकांचे, खोक्यांचे, जसे आहेत तसे फोटो घ्यायला पाच मिनिटं लागतात.

दुसरी गोष्ट जास्त लागली. भाड्याच्या घरात सामान लावताना काकूंना काकांच्या रेल्वेच्या जुन्या डायऱ्या सापडल्या. त्यांत घरखर्चाच्या नोंदींमध्ये, दूध आणि रॉकेल यांच्या मधे, गाड्यांच्या नोंदी होत्या. म्हणजे यादी होती, फक्त कुणी शोधली नव्हती. एका नोंदीवरून कळलं की निळी मर्सिडीज काकांनी विकत घेतलेलीच नव्हती. कलकत्त्याच्या एका सहकाऱ्याने निरोपाच्या वेळी दिली होती. दोन निकी मर्सिडीजपैकी आम्ही विकली ती निळी, कारण तिचा रंग जास्त उडालेला होता आणि पांढरी दिसायला चांगली होती. घेणाऱ्याला विनंती केली. त्याने गाडी परत दिली नाही, आणि तो त्याचा हक्कच आहे. पण डायरीतल्या नोंदीचा फोटो मागवून घेतला आणि गाडीसोबत ठेवला आहे.

विक्रीआधी कागदपत्रं शोधायला आठवडाभर ठेवायला हवा होता. डायऱ्या, पत्रं, जुन्या बाजारातल्या पावत्या, फोटोंचे अल्बम. कोणती दुहेरी गाडी ठेवायची हे केवळ अवस्थेवरून ठरवायचं नसतं. तिची हकीकत कळली तर खरेदीदारालाही ती मोलाची असते आणि घरालाही.

धुतलेल्या बारा मॅचबॉक्सचं नुकसान टाळता आलं असतं का? मुलाला कुणी आधी सांगितलं असतं तर हो. वारसाहक्काने आलेल्या कोणत्याही संग्रहाला पाणी लावण्याआधी एखाद्या जाणकाराला एक फोटो पाठवावा, एवढंच मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

उरलेल्या ८९ गाड्यांची यादी आता मराठीत आहे, एका फुलस्केप वहीत आणि पुतण्याच्या संगणकावर. प्रत्येक गाडीसमोर क्रमांक, कंपनी, तळावरचा मजकूर, लांबी, दोषांची नोंद आणि डायरीत उल्लेख असेल तर त्याची तारीख. नवी इमारत उभी राहिली की त्या कुठे राहणार, याचा निर्णय भावाबहिणीत अजून झालेला नाही. मुलीला निकी स्वतःकडे अमेरिकेत हव्यात, मुलाला वाटतं त्या इथेच असाव्यात. काकूंनी दोघांना सांगितलं आहे की त्यांच्या हयातीत अकरा गाड्या एकत्र राहतील, वाटणी होणार नाही.